रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब

आमच्या मावशीने आयुष्यात कुणाला बरं केलं का, याबद्दल गल्लीत मतभेद आहेत. तिने बऱ्याच जणांना उठवून बसवलं, याबद्दल मात्र नाहीत.

बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या नाकात ती रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकायची आणि माणूस असा शिंकायचा की दारातलं मांजर उडून भिंतीवर बसायचं. लोक तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे थेंबवाली. जे तिच्या हातून उठले होते ते पाठीमागे आणखीही काही म्हणत, पण ते छापण्यासारखं नाही.

ती माझ्या आईची मोठी बहीण. नवरा लवकर गेला. मागे एक मुलगा आणि घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान राहिलं. दुकान म्हणजे भिंतीला लावलेले पत्र्याचे डबे, एक तराजू आणि बसायला पाट. डब्यांवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. रिठे, शिकेकाई, शतावरीची मुळं, ज्येष्ठमध, गोखरू, सगळं तिच्या हाताला पाठ होतं. गिऱ्हाईक समोर बोलत असताना तिचा हात मागे जाऊन बरोबर डबा उघडून यायचा, जणू त्या हाताला वेगळे डोळे होते.

तिचं शास्त्र फार मोठं नव्हतं. पाण्यात घालून घुसळलं की जिला फेस येतो ती वनस्पती चांगली, कारण फेस बाहेरची घाण काढतो तसा आतलीही काढतो. म्हणून ती प्रत्येक माल आधी बाटलीत पाणी घालून खळखळ हलवून बघायची. फेस लगेच बसला तर माल परत. केसांना शिकेकाई, उवांना रिठा, बाळंतिणीला दूध यावं म्हणून शतावरी, शाळेतल्या बाईंच्या बसलेल्या घशाला ज्येष्ठमध, लघवीच्या जळजळीला गोखरू. सोनार दागिने उजळायला रिठे न्यायचा आणि लोकरीचे कपडे धुणारे तर पोत्याने न्यायचे. कुणी रागाच्या भरात नको ते प्यालं तर मावशी रिठ्याचं दाट पाणी पाजून ते ओकायला लावी. ओकणाऱ्याच्या पाठीवर हात फिरवत ती विचारायची, "आता परत पिशील?" तो नाही म्हणाला तरी ती आणखी अर्धा पेला पाजायची. वचन पक्कं व्हावं म्हणून.

पण तिचं खरं नाव झालं ते थेंबांनी. त्याचं कारण औषधी नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

घरात कुणी धाडकन पडलं की घरच्यांना दोन प्रश्न पडतात. पहिला, काय झालं. दुसरा, खरंच झालं का. पहिल्यासाठी डॉक्टर होता. दुसऱ्यासाठी मावशी होती. थेंब पडल्यावर शिंकून जो हळूहळू डोळे उघडतो, कुठे आहे ते ज्याला कळत नाही, पाणी मागतो, त्याचं पडणं खरं. जो शिंकताच हात झटकतो, नाक धरतो आणि सगळ्यांना नावानिशी ओळखतो, त्याचं सोंग. आणि ज्याला शिंकच येत नाही त्याला औषध लागत नाही, उचलायला माणसं लागतात. मावशीचा निकाल एका शब्दाचा असायचा. 'खरं' किंवा 'सोंग'. त्यावर अपील नव्हतं.

कापडाच्या दुकानातला एक कारकून दर वर्षी मालाची मोजदाद आली की पडायचा. एकदा मालकाने मावशीला बोलावलं. ती दुकानाच्या पायऱ्या चढत होती तेवढ्यात कारकून उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही उगाच त्रास घेतलात." हा किस्सा मावशी स्वतः फार रंगवून सांगायची.

दुसरा किस्सा ती सांगायची नाही, लोक सांगायचे. पलीकडच्या आळीत एक नवी सून जेवताना पडली. पहिल्याच थेंबाला तिने मावशीचा हात उडवून लावला. मावशी म्हणाली, "सोंग." बस्स, एवढंच. पुढे त्या मुलीला ताप आला, पोटात दुखलं, पाय मुरगळला, तरी घरातले विचारायचे, "थेंबवालीला बोलावू का?" वर्षभरात ती मुलगी एवढी गप्प झाली की तिची सासू कौतुकाने म्हणायची, "आमच्या सुनेला दुखणं म्हणून माहीत नाही."

थेंबांचं पाणी करायला रिठे फोडावे लागतात. आतली काळी बी काढायची, साल वाळवायची, कुटायची आणि फडक्यातून गाळून वस्त्रगाळ पूड करायची. हे काम मागच्या खोलीत चालायचं. त्या खोलीला एक बारकी खिडकी होती आणि पूड उडून जाऊ नये म्हणून ती बंद असायची. माल वाया जायचा नाही. जायचा तो कुटणाऱ्याच्या नाकात. मावशी लग्न होऊन आली तेव्हा तिने तिच्या सासूसाठी कुटलं. मग मुलाचं लग्न झालं आणि बत्ता वहिनीच्या हातात आला.

वहिनी म्हणजे माझ्या मावसभावाची बायको. मोठी हसरी आणि तोंडाने तिखट. पहिले काही महिने ती शिंकून शिंकून लाल व्हायची. मी गेलो की दारातूनच ओरडायची, "या भाऊजी, आत या. तुमच्या मावशीने मला नांदवायला आणलंय की गाळायला, तेवढं विचारून सांगा." मावशी म्हणायची, "सवय होईल." आणि खरंच झाली. शिंका थांबल्या. मावशीने ते सगळ्यांना सांगितलं, सुनेने काही परीक्षा पास केल्यासारखं.

शिंकांपाठोपाठ वासही गेले. मावशीचं नाक आधीच गेलेलं होतं, आता सुनेचंही गेलं. चुलीवर दूध करपत असायचं आणि दोघी शेजारी उभ्या राहून भांडत असायच्या. समोरच्या दुकानातला शिंपी, ज्याला आम्ही सगळे मास्तर म्हणायचो, तो मशीन थांबवून हाक मारायचा, "अहो, तुमचं दूध गेलं." मग दोघी एकदम धावायच्या. यावर गल्ली खूप हसायची. त्या दोघीही हसायच्या.

मग वहिनी पडायला लागली.

पहिल्यांदा मागच्या खोलीत, बत्ता हातात असताना. मग नळावर. मग सुपात दाणे पाखडताना. डोळे वर जायचे, हात आखडायचे, दातखीळ बसायची. थोड्या वेळाने ती जागी व्हायची आणि विचारायची, "मी कधी झोपले?" दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, घाबरून गेला. तो स्वभावाने मऊ. आईपुढे तर लोण्याहून मऊ. तरी त्याने एकदा हिंमत केली.

"आई, हिला मोठ्या दवाखान्यात दाखवू का?"

मावशी शतावरी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दाखव की. जाताना आपल्या दुकानाची पाटीपण काढून घेऊन जा."

"तसं नाही गं."

"मग कसं? गावभरच्या पडलेल्यांना मी उठवते आणि माझ्या घरातली पडली की गाडी करून डॉक्टरकडे. उद्या मला कोण बोलावेल?"

दादा गप्प बसला. गप्प बसणं हा त्याचा मूळ व्यवसाय. दुकान नंतरचं.

वहिनी भांडी घासत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि जे बोलली ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

"आई, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही थेंब टाका. पुढच्या वेळी पडले की सगळ्यांसमोर टाका. खरं निघालं तर हे मला दाखवायला नेतील. चालेल?"

दादाने आईकडे बघितलं. मावशी म्हणाली, "चालेल." तिला बरंच वाटलं असावं. खरं निघालं तर घरच्या सुनेवरही पक्षपात न करणारी बाई म्हणून नाव होणार. सोंग निघालं तर प्रश्नच मिटला. आणि वहिनीला खात्री होती. तिला ठाऊक होतं की ती खोटं पडत नाही, आणि त्या घरात खरं-खोटं ठरवायची एकच रीत होती. आपल्याला करपलेल्या दुधाचा वास येत नाही, हे त्या क्षणी तिच्या लक्षात आलं नाही. मावशीच्याही आलं नाही. दादाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

ती पडली ती दुकानातच. भरदुपारी, गिऱ्हाइकं असताना. लोकर धुणारी एक बाई माल घ्यायला आली होती, सोनाराचा माणूस होता, मी पाटावर बसलो होतो. वहिनी आतून शिकेकाईचा डबा घेऊन आली आणि डब्यासकट कोसळली. शेंगा सगळ्या खोलीभर. आवाज ऐकून मास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आला. दादाने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"आई, थेंब," तो म्हणाला.

मावशी बाटली घेऊन आली. सगळे थोडे मागे सरकले, कारण शिंक आली की तोंडावर उडते हा अनुभव होता. तिने वहिनीची हनुवटी वर केली आणि थेंब टाकले.

काही झालं नाही.

तिने पुन्हा टाकले. वहिनीचा श्वास चालू होता, छाती वरखाली होत होती, ओठांच्या कडेला फेस होता. नाकपुडीसुद्धा हलली नाही. मावशीने दुसऱ्या नाकपुडीत टाकले, जरा जास्तच. पाणी गालावरून ओघळून दादाच्या मांडीवर सांडलं.

"मावशी, बाटली शिळी झाली वाटतं," मास्तर म्हणाला.

सोनाराचा माणूस हसला. लोकरवाली बाईही तोंडावर हात ठेवून हसली. मावशीने वळून मास्तरकडे बघितलं.

"इकडे ये."

"मी कशाला?"

"ये म्हटलं ना. नाक वर कर."

मास्तरला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. एक थेंब आत गेला आणि तो जो शिंकायला लागला, तो भिंतीला धरून शिंकला, वाकून शिंकला, खाली बसून शिंकला. डोळ्यांतून धारा. "मेलो," तो म्हणत होता, "मेलो, मेलो." सगळे पोट धरून हसले. बाटली चांगली होती, हे सिद्ध झालं.

म्हणजे आता उरली ती वहिनी.

मावशी तिच्याकडे बघत उभी राहिली. मी तिच्या अगदी जवळ होतो. तिचा हात सावकाश वर गेला आणि तिने स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. नुसतं लावलं आणि ठेवलं. तिला कळलं. मी पैजेवर सांगतो, तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं. सगळे वाट बघत होते. लोकरवालीने विचारलंही, "काय हो मावशी? शिंक नाही आली म्हणजे काय समजायचं?"

मावशीने बोट खाली घेतलं.

"धरून ठेवलीय," ती म्हणाली.

"काय?"

"शिंक. दाबून धरलीय हिने. इतकं कसलेलं सोंग मी आजवर बघितलं नव्हतं."

खोलीत 'च्च' असा आवाज झाला. लोकांच्या चेहऱ्यावर आदर होता, तो मावशीबद्दल की वहिनीबद्दल हे सांगणं कठीण. तेवढ्यात वहिनीने डोळे उघडले. तिने इकडेतिकडे बघितलं, ओठ पुसले, दादाला विचारलं, "टाकले थेंब?"

मास्तर डोळे पुसत म्हणाला, "टाकले की. तुम्हीच दाद दिली नाहीत."

"म्हणजे?"

"सोंग निघालं," लोकरवाली म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. तिला घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळालं होतं.

वहिनी उठून बसली. तिने गालाला हात लावला, बोटं नाकाशी नेली, हुंगली. पुन्हा हुंगली. आणि मग तिलाही कळलं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, मला काही जाणवतच नाही. कुटून कुटून माझं नाक गेलंय. तुमचंही गेलंय. ते थेंब तुम्ही तुमच्या नाकात टाकून बघा. तुम्हालाही शिंक येणार नाही."

हे एवढं साधं होतं. मास्तरच्या तोंडाकडे बघून वाटलं की त्यालाही करपलेलं दूध आठवतंय. दादाने मान वर केली. "आई," तो म्हणाला, "टाक ना. एकदा टाकून बघ. तिचं समाधान होईल."

मावशीने नकार दिला असता तरी चाललं असतं. ती वयाने मोठी होती, रागावून आत गेली असती, कुणी अडवलं नसतं. ती आत गेली नाही. तिने डोकं मागे केलं, बाटली वाकडी केली, आणि दोन थेंब सगळ्यांना दिसतील असे नाकात सोडले.

मग ती शिंकली. मोठ्याने शिंकली. पदराने नाक धरून पुन्हा शिंकली, आणखी एकदा शिंकली, आणि म्हणाली, "झालं समाधान?"

खरी शिंक मघाशीच सगळ्यांनी बघितली होती. मास्तर अजून नाक पुसत होता, त्याचे डोळे जास्वंदीसारखे झाले होते. मावशीचे डोळे कोरडे होते. काचेसारखे स्वच्छ आणि कोरडे. ते मी बघितले, वहिनीने बघितले. मला वाटतं दादानेही बघितले, कारण त्याने लगेच खाली वाकून शेंगा गोळा करायला घेतल्या.

"आई," वहिनी म्हणाली, "तुम्ही शिंकलात कशा?"

"जशी माणसं शिंकतात तशी. ऊठ, शेंगा भर. गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी म्हणालो, "मावशी, तुझ्या डोळ्यांत पाणी नाही आलं." मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "ते मी तुझ्या लग्नासाठी राखून ठेवलंय." पुन्हा हशा पिकला. त्यात माझं वाक्य विरून गेलं आणि लोकरवाली आपला माल मोजून घेऊ लागली.

त्यानंतर वहिनी पडली की कुणी धावायचं नाही. हा नियम कुणी केला नाही, आपोआप झाला. गिऱ्हाइकं तिला ओलांडून आत यायची. एखादं नवीन माणूस दचकलंच तर मावशी म्हणायची, "बघू नका. बघितलं की जास्त करते." दादा तिच्या डोक्याखाली काहीतरी सरकवायचा आणि आईची नजर चुकवून दुकानात परत जायचा. मास्तर समोरून बघायचा आणि मशीन चालू ठेवायचा. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "ताईला कोण बोलणार?" वडिलांनी पेपराचं पान उलटलं. एकदा मीच दादाला म्हटलं की मी घेऊन जातो वहिनीला. तो म्हणाला, "तू घेऊन गेलास तर आई मला घरात ठेवायची नाही." मी वहिनीला विचारलं. ती बत्ता चालवत होती.

"तिथे जाऊन काय सांगू?" ती म्हणाली. "विचारतील, घरचे काय म्हणतात. मग तुम्ही काय सांगाल, भाऊजी?"

पूर्वीसारखं दारातून ओरडणं तिने सोडून दिलं होतं. पडायची चाहूल लागली की ती स्वतःच उठून मागच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. गिऱ्हाइकांना अडचण नको. घरातले म्हणू लागले की बरंच कमी झालंय.

मागच्या खोलीत लोकरवाल्यांसाठी रिठे भिजवायचं मोठं घमेलं असायचं. एका सकाळी ती त्या घमेल्यावर वाकली असताना पडली. दार लोटलेलं होतं. दादा माल आणायला गेला होता. मावशी पुढे शिकेकाई तोलत होती. घमेल्याचा आवाज समोर मास्तरला ऐकू गेला. त्याने मशीन थांबवून विचारलं, "मावशी, आत काय पडलं?"

"काही नाही. नेहमीचंच."

मास्तरने पुन्हा पायडल मारलं. मावशीने शिकेकाई बांधली, गिऱ्हाइकाला बाळंतिणीसाठी शतावरी दुधातून कशी द्यायची ते समजावलं, कसर राहू नये म्हणून दोनदा समजावलं, आणि मग ती आत गेली.

आम्ही पोचलो तेव्हा वहिनीला बाहेर आणून ठेवलं होतं. केसांना सगळीकडे फेस होता. दादा तो पुसत होता, पण रिठ्याचा फेस तो. जितका पुसावा तितका वाढत होता. मावशी कोपऱ्यात बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "मी हाक मारली होती. ओ दिली नाही." आणि लोक तिचेच हात हातात घेत होते. मास्तर दारापर्यंत आला आणि आत न येता परत गेला.

महिना उलटायच्या आत वरच्या आळीतून एक माणूस सायकलवर आला. त्याची धाकटी भावजय सकाळपासून पडून होती आणि घरच्यांना तिचा संशय होता. तो दारात घुटमळला, म्हणाला, "तुमच्याकडे नुकतंच असं झालंय. विचारावं की नाही कळेना."

"विचारायला काय झालं," मावशी म्हणाली. "आमची हट्टी होती. सगळ्या तशा नसतात."

तिने मागे न बघता हात केला. दादाने बाटली भरली, हलवून फेस बघितला आणि तिच्या हातात दिली.